सरपंचपती आहेत, म्हणून आरक्षणच नको?

सध्या एक मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: पंचायतीतल्या महिला आरक्षणाने काही साधलं नाही. खुर्ची बाईची, कारभार नवऱ्याचा. गावाच्या कामात फरक शून्य. आणि लायक बायका आरक्षणाशिवायही निवडून येतीलच.

पहिला मुद्दा खोटा नाही. सरपंचपती आहेत, बोलतो तो, सही तेवढी बाईंची. पण पुरुष सरपंचही कारखान्याच्या अध्यक्षांना विचारल्याशिवाय ठराव मांडत नाही, तेव्हा तो नुसता 'साहेबांचा माणूस' असतो. त्यावरून पुरुषांनी उभंच राहू नये, असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही. शिवाय आरक्षण फिरतं. बाई पाच वर्षांत कागद वाचायला, ग्रामसेवकाला उलट प्रश्न विचारायला शिकते आणि पुढच्या सोडतीत जागा दुसरीकडे जाते.

'कामात फरक नाही' हे मात्र साफ चूक. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या संशोधकांनी पश्चिम बंगालमधलं बीरभूम आणि राजस्थानातलं उदयपूर इथल्या 265 पंचायती तपासल्या. अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. कोणती पंचायत राखीव हे गाव बघून ठरत नव्हतं, त्यामुळे तुलना सरळ होती. दोन्हीकडे महिलांच्या तक्रारींत पिण्याचं पाणी वर होतं, आणि राखीव पंचायतींत पाण्याची कामं जास्त झाली. रस्त्यांचं आणखी बोलकं आहे. बीरभूममध्ये बायकांना रस्ते हवे होते, तिथे राखीव पंचायतींत ते वाढले. उदयपूरमध्ये ती मागणी पुरुषांची जास्त, तिथे कमी झाले. सगळा कारभार नवरेच हाकत असते, तर ही तफावत आली कुठून?

आता लायकीचं. मुंबई महापालिकेत 1997 साली महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग 2002 मध्ये खुले झाले. रिखिल भावनानी या संशोधकाने त्यांची तुलना आधी राखीव नसलेल्या प्रभागांशी केली. एकदा राखीव राहिलेल्या प्रभागात, आरक्षण उठल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. म्हणजे लायक बायका होत्याच; त्या जिंकू शकतात हे पक्षांना आधी दिसावं लागलं. उलट बाजूही बघा. आरक्षणाशिवाय झालेल्या 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 543 पैकी 74 महिला आल्या, 2019 मध्ये 78. देशभरात लायक एवढ्याच?

सरपंचपती खुपतो ना? मलाही खुपतो. ग्रामसभेत तो गावचा मतदार म्हणून बोलू शकतो, पण मासिक सभेत सदस्यांच्या रांगेत बसायचा त्याला अधिकार नाही. त्याला तिथून उठवा, असं त्या मजकुरात कुठेच लिहिलेलं नाही.