चार माणसांची शेगडी

परवा रविवारी भर दुकानात, दहा-बारा अनोळखी लोकांच्या देखत, माझ्या बायकोने जाहीर केलं की आमच्याकडे जेवायला चारच माणसं असतात, आणि “त्यातले दोन आम्हीच.”

प्रश्न साधा होता. विक्रेत्या मुलाने विचारलं, “सर, साधारण किती जणांसाठी बघताय?” मी सहज म्हणालो, “पंधरा-वीस.” परसदारी ठेवायला बार्बेक्यूचा ग्रिल घ्यायला निघालेल्या कुठल्याही माणसाच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं. उतरती संध्याकाळ, निळसर धूर, आपल्या हातात लांब दांड्याचा चिमटा आणि भोवती हातात पेले घेऊन हसणारे पंधरा-वीस जण. हे लोक नेमके कोण, याची चौकशी मी कधी केली नव्हती. माहितीपत्रकावर प्रत्येक ग्रिलभोवती ते उभे असतातच. ग्रिलबरोबर तेही घरपोच येत असावेत, अशी माझी समजूत होती.

“चार,” बायको म्हणाली. आणि मग ते दुसरं वाक्य.

त्या मुलाने आवाज एकदम मऊ केला. माणूस आजारी आहे असं कळल्यावर करतात तसा. “मग सर, इकडे या,” असं म्हणून तो आम्हाला कोपऱ्यातल्या लहान ग्रिलांकडे घेऊन गेला.

हे माझ्या फार जिव्हारी लागलं, कारण मी तीन आठवडे अभ्यास करून आलो होतो. बायको या सगळ्या प्रकरणाला पहिल्यापासून “शेगडी” म्हणते. “शेवटी खाली विस्तव आणि वर जाळी, शेगडीच ना ती?” तिला मी गॅसचा ग्रिल, कोळशाचा ग्रिल, लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा आणि मातीच्या रांजणासारखा जाड भिंतींचा, असे चार पंथ समजावून सांगितले. अन्न भाजताना तांबूस होऊन जो खमंगपणा येतो, तो साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरतो आणि मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ साली त्या रसायनाचा शोध लिहून काढला, हेही सांगितलं. ती म्हणाली, “१९१२ च्या आधी लोक कच्चं खात होते का?” अशा माणसाला घेऊन मी खरेदीला गेलो, ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे बीटीयू. विक्रेता म्हणाला, “हा चाळीस हजार बीटीयूचा आहे, सर,” आणि मी मान डोलावली. हा आकडा ऐकून सगळेच मान डोलावतात. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागते तेवढी उष्णता म्हणजे एक बीटीयू, हे मी पाठ केलं होतं. पण चाळीस हजार पौंड पाण्याचं मी काय करणार होतो, ते मला ठाऊक नव्हतं. एवढ्यात मागून आवाज आला.

“बीटीयू म्हणजे तो तासाला गॅस किती पितो ते. भाजतो किती, ते नव्हे. जावई किती जेवतो यावरून तो किती कमावतो ते कळतं का?”

वळून पाहिलं तर साठीच्या पुढचे एक गृहस्थ. चष्मा दोरीला बांधलेला, दोन्ही हात मागे, चेहऱ्यावर परीक्षकाचं समाधान. मी म्हणालो, “बरोबर आहे काका.” ते म्हणाले, “काका कशाला? फार तर दहा वर्षांचं अंतर असेल आपल्यात.” म्हणजे पाच मिनिटांत दुसरा अपमान. आरशात मी अंतर मोजलं. पंधरा तरी होतं.

मग त्यांनी पँटच्या खिशात हात घातला आणि एक चुंबक बाहेर काढला. चुंबक एकटा आला नाही. त्याला घराच्या किल्ल्यांची कडी, दोन टाचण्या, एक सेफ्टी पिन, एक नाणं आणि कसलासा स्क्रू असं एक अख्खं एकत्र कुटुंब चिकटलेलं होतं. त्यांनी एकेक वस्तू सोडवली आणि माझ्या तळहातावर ठेवली. “धरा जरा.” मी धरली. का धरली, माहीत नाही. दुकानात पूजेचं ताम्हन धरल्यासारखा हात पुढे करून मी उभा राहिलो आणि ते गृहस्थ ग्रिलांच्या रांगेतून चुंबक लावत निघाले.

टक्. चिकटला. “४३०,” ते म्हणाले. डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो उजेडाला धरून म्हणतात तसं.

पुढचा ग्रिल. चुंबक घसरून त्यांच्या हातात परत आला. “३०४. बघा.”

“म्हणजे?”

“स्टीलची जात. ३०४ मध्ये अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. चुंबकाला सहसा दाद देत नाही. ४३० मध्ये निकेल जवळपास नाहीच. चिकटतं आणि गंजही लवकर धरतं. दुकानात दोन्ही सारखेच चकाकतात. दोन पावसाळे जाऊ द्या, मग सांगा.”

“आणि हे झाकण?”

“त्याला लावायचं नाही. ते साधं लोखंडी पत्र्याचं, वर इनॅमल. ते चिकटणारच. उगाच त्याचा अपमान कशाला?” झाकणाच्या मानापमानाची एवढी काळजी घेणारा हा माणूस पुढच्या दोन मिनिटांत माझं काय करणार होता, याची मला कल्पना नव्हती.

मान्य करतो, त्यांना सगळं येत होतं. झाकणावरचा तापमापक झाकणाजवळच्या हवेचं तापमान सांगतो, खाली जाळीवरच्या अन्नाचं नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. कोळसा सगळा एका बाजूला लोटा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे एकीकडे खरपूस भाजता येतं आणि दुसरीकडे शिजवता येतं. गॅसची जोडणी केली की सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. मग एका गोल ग्रिलपाशी ते थांबले आणि त्यांचा स्वर कथेकऱ्याचा झाला.

“याचं मूळ ठाऊक आहे? १९५२. अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स म्हणून कारखाना होता, तिथे कामाला. बोटींना खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवतात ते धातूचे गोळे तिथे बनायचे. याच्या उघड्या शेगडीवर वारा यायचा, राख उडायची, जेवणाचं मातेरं व्हायचं. वैतागला. एक गोळा घेतला, मधून कापला. खालच्या अर्ध्याला पाय, वरच्या अर्ध्याला मूठ. झाला ग्रिल!”

“उघड्या शेगडीवर,” बायको माझ्याकडे बघून म्हणाली. तिला तेवढंच ऐकू आलं होतं.

“शेगडीच हो ताई,” काका म्हणाले. “सगळ्या शेगड्याच.” दोघांचं तिथल्या तिथे जमलं. आणि मग, आपल्या माणसाशी बोलावं तसं, त्यांनी तिला विचारलं, “किती जणांना लागते तुम्हाला?”

“चौघांना.”

विक्रेता मुलगा त्या वेळी दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला एका जोडप्याला चार बर्नरचा ग्रिल दाखवत होता. तोच, जो मी मनाने घेऊन ठेवला होता. काकांनी तोंडाभोवती हातांचा कर्णा केला.

“अहो! या साहेबांना मोठा दाखवू नका! यांच्याकडे कोणी येत नाही!”

दुकानात शांतता पसरली. चार बर्नरच्या जोडप्याने वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे पंधरा-वीस जण येतात हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं. मी तळहातावर सेफ्टी पिन, नाणं आणि किल्ल्या घेऊन उभा होतो. तशा अवस्थेत माणसाला उत्तर देता येत नाही. हातवारेच करता येत नाहीत.

आणि काय उत्तर देणार होतो? खोटं थोडंच होतं ते? रविवारपासून मी मोजतोय. एक मित्र परदेशी गेला. एकाचे गुडघे गेले. एका जोडप्याला आम्ही तीनदा बोलावलं, त्यांनी एकदाही नाही, तेव्हा चौथ्यांदा मीच हटून बसलो. कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर आम्ही बेचाळीस जण आहोत. त्यातले चाळीस मला वाढदिवसाला केकचं चित्र पाठवतात आणि एक जण पाठवत नाही, तो वारला आहे. पूर्वी माणसं न सांगता यायची आणि आपण कपाळाला आठ्या घालून चहा टाकायचो. आता एका संध्याकाळसाठी तीन आठवडे आधीपासून तारीख ठरते, दोनदा बदलते आणि आदल्या दिवशी कुणाच्या तरी मुलाला ताप येतो. हे सगळं मला माहीत आहे. पण ते ग्रिलच्या दुकानात कळायची काय गरज होती? फ्रिज घेताना कुणी विचारत नाही की तुम्हाला मित्र किती. पलंग घेताना विचारत नाहीत, आणि बरंच आहे.

असो. काकांची पत्नी विक्रीला ठेवलेल्या बागेतल्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होती. मी तिच्याजवळ जाऊन किल्ल्या दिल्या. “यांच्या आहेत.”

“हं,” तिने वर न बघता घेतल्या. “तुम्हालाही धरायला लावल्या का?”

“नेहमी येता?”

“सात वर्षं. दर रविवारी.”

“मग यांनी स्वतः कुठला ग्रिल घेतला?”

“अजून बघतायत.” तिने कोड्यात एक अक्षर भरलं. “आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.”

मी थेट काकांकडे गेलो. हे विचारताना मला आसुरी आनंद झाला, हे लपवत नाही. “तुम्हाला तर परसदारच नाही!”

“नाहीच,” ते शांतपणे म्हणाले. “म्हणून तर घाई नाही.”

“गॅलरीत चालेल की.”

“काचा लावलेली बंद गॅलरी आहे आमची. बंद जागेत कोळसा कधीही पेटवायचा नाही,” त्यांनी बोट उगारलं. “कार्बन मोनॉक्साइड. दिसत नाही, वास येत नाही, झोपलेला माणूस उठत नाही. एवढंही वाचलं नाही तीन आठवड्यांत?” तीन आठवड्यांचं त्यांना बायकोने सांगितलं असणार.

शेवटी आम्ही काय घेतलं? लहान, गोल, कोळशाचा. एका वेळी चार बर्गर मावतात, कारण ग्रिलांच्या दुनियेत जागेचं माप बर्गर हे आहे, निरामिष माणसाने काय मोजायचं ते मोजावं. मला बाजूला लाकडी फळी असलेला हवा होता. “फळीवर ठेवणार काय?” काकांनी विचारलं. वॉरंटीचं कार्ड मी दुकानातच वाचलं. ग्रिलला दहा वर्षं काही होणार नाही, पण रंग उडणं, गंज चढणं आणि उष्णतेमुळे वाकणं वगळून. विस्तवासाठी केलेल्या वस्तूला विस्तव सोडून बाकी सगळ्यापासून संरक्षण! तावातावाने मी हे विक्रेत्याला दाखवलं, तर तो म्हणाला, “सर, कव्हर घ्या ना.” कव्हरही घेतलं. निघताना काकांनी आमच्या ग्रिलच्या पायाला, राखेच्या ताटलीला शेवटचा चुंबक लावला, काहीतरी पुटपुटले, तेवढ्यात पत्नीने हाक मारली आणि ते गेले.

घरी जोडणीला तीन तास लागले. चित्रात सहा पायऱ्या होत्या. एक स्क्रू उरला. तो ग्रिलचा की काकांच्या संग्रहातला, ते ठरवायला मार्ग नाही, कारण शर्टाच्या खिशात त्यांची सेफ्टी पिनही निघाली. कोळसा पेटून त्यावर राखेची पांढरी साय धरायला वीसेक मिनिटं लागतात असं मी वाचलं होतं. आम्हाला तास लागला, कारण खालची झडप बंद होती. “वारा घाल,” बायको म्हणाली, “शेगडीला घालतात तसा.” घातला. पेटली.

राख काढताना खालून हात फिरवला तर ताटलीच्या पाठीला काहीतरी चिकटलेलं. चुंबक. काकांचा.

“रविवारी नेऊन दे,” बायको म्हणाली. “आणि त्या दोघांना जेवायलाच बोलाव.”

“मग सहा होतील.”

“होऊ देत.”

“ही चौघांची आहे. सगळ्या दुकानाला ठाऊक आहे.”

“दोन खेपा कर.”

मी बघतो म्हणालो. त्या माणसाने कर्णा केला होता, हे ती विसरली असेल, मी नाही. तूर्त चुंबक माझ्याकडेच आहे. काल रात्री झोप येईना, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन सगळे चमचे तपासले. बारापैकी आठ चिकटले. खोलीत येऊन बायकोला उठवलं आणि सांगितलं.

ती म्हणाली, “झोप.”