‘काही लागलं तर सांग’ने भागत नाही

माणूस अडचणीत सापडला की आपण त्याला दोन गोष्टी हमखास देतो: सल्ला आणि ‘काही लागलं तर सांग’. दोन्हींचा उपयोग फार थोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला धड झोप नाही, त्यानेच आपल्याला काय हवंय ते शोधायचं आणि वर तोंड उघडून मागायचं?

आधाराने ताण सुसह्य होतो, हे सगळेच म्हणतात. पण कशाने होतो? शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. ताणाचा आघात सौम्य होताना दिसला तो मुख्यतः एका खात्रीमुळे: वेळ पडलीच तर माझ्यामागे कोणीतरी आहे. ही खात्री असली की नोकरी गेलेला माणूसही ‘आता संपलं सगळं’वरून ‘बघू, काय करता येतंय’वर येतो. संकट तेच, पण ते आवाक्यातलं वाटू लागतं.

म्हणून माणसांची नुसती गर्दी कामाची नाही. भरल्या घरात एकटी पडलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांचा, २००० सालचा. वकिलीच्या परीक्षेला बसणारे आणि त्यांचे जोडीदार, दोघंही रोज डायरी लिहीत होते. जोडीदाराने मदत केली, पण परीक्षार्थीच्या ती लक्षातही आली नाही, अशा मदतीने निराशा जास्त कमी झाली. लक्षात येणारी मदत कधीकधी मनाला लागते, ‘मला एवढंही जमत नाही’ असं वाटायला लावते. मदतीचा गाजावाजा करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझ्या एका मैत्रिणीची आई आजारी होती तेव्हा दिवसभर नातेवाइकांचे फोन यायचे, ‘आता कशी आहे?’ तेच उत्तर देऊन देऊन ती थकून गेली होती. तिच्या मावसबहिणीने काही न विचारता फोन स्वतःकडे घेतला आणि रोज संध्याकाळी सगळ्यांना एकच मेसेज पाठवायला सुरुवात केली. धीराचे शब्द वगैरे काही नाही. मैत्रीण आजही सांगते, त्या दिवसांत खरा आधार तोच.

नैराश्य खोलवर गेलं असेल तर मित्र पुरे पडत नाहीत, उपचारच लागतात. पण तेव्हाही डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेणं, सोबत जाणं, गोळ्या संपत आल्यात का ते बघणं, ही कामं आपल्याला करता येतात. आणि ती विचारत न बसता करावीत.