तळघर नसलं तरी बेहत्तर

बड्या धेंडांची काळी कृत्यं घरबसल्या उघडकीला आणायची आहेत ना? मग आधी वाचायची सवय सोडा. लांबलचक काही तर अजिबात नको.

इंटरनेटवर कटकारस्थानं हुडकणाऱ्या आद्य गुरूंचा कित्ता गिरवा. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीआधी गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या विकिलीक्स या वेबसाइटने हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांचे हजारो ईमेल बाहेर काढले. त्यात राजकारण होतं, पैसा होता, उखाळ्यापाखाळ्या होत्या. अडाणी माणूस तेच चघळत बसला असता. गुरूंनी मात्र नेमका 'पिझ्झा' उचलला. राजकारणी माणूस भूक लागली म्हणून पिझ्झा मागवेल, हे पटतं तरी का? तेव्हा पिझ्झा म्हणजे लहान मुलं, आणि ती वॉशिंग्टनच्या 'कॉमेट पिंग पाँग' या हॉटेलच्या तळघरात डांबलेली. हॉटेलला तळघरच नाही, असं मालक सांगत राहिला. सांगणारच! नसलेल्या तळघराइतकी लपवायला सोयीची जागा दुसरी कुठली?

4 डिसेंबर 2016 रोजी नॉर्थ कॅरोलायनातला एक गडी रायफल घेऊन त्या मुलांना सोडवायला पोचला. गोळ्या झाडून बंद खोलीचं कुलूप तोडलं, तर आत कॉम्प्युटरचं सामान. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याची चूक तुम्ही करू नका. तो प्रत्यक्ष बघायला गेला.

भविष्यही बिनधास्त सांगा. ऑक्टोबर 2017 मध्ये इंटरनेटवर 'क्यू' नावाचा निनावी भविष्यवेत्ता अवतरला आणि हिलरींच्या अटकेचा मुहूर्त देऊन मोकळा झाला: 30 तारीख, सकाळी पावणेआठ ते साडेआठ. मुहूर्त टळला, भक्त वाढले. (पत्रिका चुकली म्हणून आपल्याकडे तरी कोण ज्योतिषी बदलतो?)

आता पथ्य. खरा गुन्हा दिसला तर नजर चुकवा, कारण तो भलताच रटाळ असतो. मुलींचं लैंगिक शोषण करणारा अमेरिकन धनाढ्य जेफ्री एपस्टीन याचं प्रकरण घ्या. फ्लोरिडातल्या अल्पवयीन मुलींनी पोलिसांना सगळं सांगितलं होतं. तरीही सरकारी वकील अलेक्झांडर अकोस्टा यांच्या कार्यालयाने त्याच्याशी करार केला आणि 2008 मध्ये त्याची सुमारे तेरा महिन्यांच्या तुरुंगवासावर बोळवण झाली. त्यातही आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बारा तासांपर्यंत, साहेब ऑफिसात! ना सांकेतिक शब्द, ना भुयार. टाइप केलेला कागद आणि खाली सह्या. मायामी हेराल्डच्या ज्युली ब्राउन यांनी त्या फायली उपसल्या, पीडित मुलींना शोधून बोलतं केलं आणि 2018 मध्ये ते छापलं. पुढच्या वर्षी एपस्टीनला पुन्हा अटक झाली, आणि तोवर कामगारमंत्री झालेल्या अकोस्टांना खुर्ची सोडावी लागली. इतके कष्ट कोणी उपसायचे? तुमच्याकडे लाल बाण काढलेला फोटो आहे.

शेवटी समाजसेवा. जुलै 2020 मध्ये वेफेअर या फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या महागड्या कपाटांना मुलींची नावं सापडली. म्हणजे हरवलेल्या मुलीच कपाटांतून विकताहेत! त्यांतल्या एकीने लाइव्ह येऊन आपण हरवलेलो नाही असं सांगितलं, पण तिला काय कळतंय? जागरूक नागरिकांनी मानवी तस्करीविरोधी हेल्पलाइनवर तक्रारींचा असा पाऊस पाडला की ती चालवणाऱ्या 'पोलारिस' संस्थेला सांगावं लागलं, खऱ्या पीडितांपर्यंत पोचणं अवघड होतंय. तुम्हीही फोन करा. लाइन व्यस्त लागली, तर लागेपर्यंत लावत राहा.