'ग्रंथालयाची अभ्यासिका करू नका' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या बदलत्या सेवांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर त्याला चार ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं. म्हणून हे स्वतंत्र लिहितोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सरांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पुस्तकं वरच्या मजल्यावर ढकलून खाली खुर्च्या मांडल्या की ग्रंथालयाची अभ्यासिका होते. एन-लिस्ट, म्हणजे महाविद्यालयांना वर्गणीवर मिळणारा ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकांचा संग्रह, फक्त नॅकच्या मूल्यांकनासाठी घेतलेलं असतं, मुलं ते उघडत नाहीत. जत, आटपाडी, माण, खटावहून येणाऱ्या मुलाला क्रमिक पुस्तक हवं असतं, डेटाबेस नव्हे. प्रबंधांत उचललेला मजकूर आहे का याची तपासणी आणि संदर्भ शोधायचं शिक्षण ही ग्रंथपालाची कामं नव्हेत. आणि विलंब शुल्क सैल केलं तर पुस्तकं परत येणार नाहीत.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण तो तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि मला पूर्ण मान्य आहे. मुलांना क्रमिक पुस्तक हवं असतं. ते मिळत का नाही, याचा हिशेब मात्र मांडून बघा. वर्गात १२० मुलं, पुस्तकाच्या १० प्रती, एका वेळी ७ दिवसांसाठी घरी. एका प्रतीमागे १२ मुलं, म्हणजे शेवटच्या मुलाचं वाचून होईपर्यंत ८४ दिवस गेले. तोवर सत्र संपत आलेलं असतं. आणखी १० प्रती घेतल्या तरी ४२ दिवस. शिवाय अभ्यासक्रम बदलला की त्या वीसही प्रती रद्दीच्या वाटेवर.

आता त्याच दहातल्या ६ प्रती नेहमीसारख्या घरी जाऊ द्या आणि ४ प्रती राखीव कपाटात ठेवा. सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत दोन-दोन तासांच्या पाळीनं त्या वाचनकक्षातच वापरायला द्यायच्या. दिवसाला २० पाळ्या होतात, आठवड्याच्या सहा दिवसांत १२०. म्हणजे पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या प्रत्येकाला एकदा तरी पुस्तक उघडता येतं. संध्याकाळी सहाला या चार प्रती रात्रीपुरत्या घरी द्यायच्या आणि सकाळी आठला परत घ्यायच्या. लांबून एसटीनं येणाऱ्या मुलाला आठ गाठणं जमत नाही, म्हणून ही रात्रीची सोय शहरात खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी. एसटीवाल्यांना घरी न्यायच्या सहा प्रतींत अग्रक्रम द्यायचा. हा भेद नियमात लिहून ठेवावा लागतो, नाहीतर काउंटरवर रोज वाद.

यात बिघडतं कुठे? एक, विभागाकडून पुस्तकांची यादी सत्र सुरू होऊन महिना उलटल्यावर येते. ती आधीच्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मागून घ्यावी. दोन, राखीव कपाटाची किल्ली एकाच परिचराकडे असते आणि तो एक ते दोन जेवायला जातो. मुलांना नेमका मोकळा असतो तो हाच तास.

आणि हो, या योजनेला खुर्च्या लागतात. पुस्तक वाचनकक्षातच वापरायचं तर बसायला जागा हवी. खाली जागा करा, असं मी लिहिलं ते एवढ्यासाठी.

पण वरच्या मजल्यावर काय न्यायचं? इथे तुमची भीती रास्त आहे, कारण बऱ्याच ठिकाणी हे काम डोळे मिटून होतं. कोहा या ग्रंथालयाच्या आज्ञावलीत (सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक प्रतीपुढे शेवटच्या देवघेवीची तारीख असते. पाच वर्षांत न गेलेली पुस्तकं काढा म्हटलं की पाच मिनिटांत यादी तयार, आणि लगेच ट्रॉल्या फिरायला लागतात. ही यादी दोन कारणांनी खोटं बोलते. संगणकीकरणाच्या आधी कार्डावर झालेली देवघेव तिच्यात नसते. वाचनकक्षात बसून वाचलेलं पुस्तकही तिच्या दृष्टीनं 'न वापरलेलं'. यावर उपाय साधा आहे. मुलांना पुस्तकं स्वतः रॅकवर लावू द्यायची नाहीत. टेबलावर राहिलेली पुस्तकं परत लावण्याआधी बारकोड वाचून त्यांची 'स्थानिक वापर' अशी नोंद करायची. पूर्ण एक वर्ष हे केल्यावर यादी काढा, ती वेगळीच दिसते. आणि कोश, गॅझेटियर, जिल्ह्याच्या इतिहासाची पुस्तकं, बाजारात न मिळणारी जुनी मराठी पुस्तकं, देणगीचे संग्रह या यादीत धरायचेच नाहीत. त्यांचा उपयोग दहा वर्षांतून एकदा होतो, पण त्या एका वेळी दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

वर नेण्याबद्दल एक गोष्ट लेखात ओझरती आली होती, ती इथे नीट सांगतो. रिकाम्या वर्गखोलीत रॅक नेऊन लावणं धोक्याचं आहे. इमारतींवरच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरलेला आहे, म्हणजे ढोबळ ३०० किलो. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीसाठी तोच ६ किलोन्यूटन आहे, तोही २.२ मीटर उंचीपर्यंत. त्यावर दर मीटर उंचीला आणखी २. थोडक्यात, वर्गाचा स्लॅब पुस्तकांच्या निम्म्या भारासाठी बांधलेला असतो. स्लॅब लगेच कोसळत नाही, पण वाकतो. खालच्या छताला तडे दिसायला लागतात आणि तोवर वरचा संग्रह हलवणंही अवघड होऊन बसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घेतल्याशिवाय एकही रॅक वर चढवू नये.

सांगलीत याला आणखी एक बाजू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या पुस्तकांचं काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी. पूरपट्ट्यातल्या ग्रंथालयानं ४० ला खालचे दोन कप्पे रिकामे करायचे, असा लेखी आदेश तयार ठेवावा. कोणी हलवायचे, कुठे ठेवायचे, किल्ली कोणाकडे, सगळं त्यात हवं. दाखल नोंदवहीची (आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदतात ती) स्कॅन प्रत आणि आज्ञावलीचा बॅकअप गावाबाहेर असलाच पाहिजे. सर्व्हर त्याच तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ही सोय पुरासाठीच केलेली दिसते.

आता एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही सेवा अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला ५,९०० रुपयांत मिळते, म्हणजे ५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी. त्यात सहा हजारांवर नियतकालिकं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं. १ जानेवारी २०२५ ला सुरू झालेल्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेत ३० प्रकाशकांची १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं आहेत, पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य शासन चालवतं त्या संस्थांसाठी आहे. साताऱ्या-सांगलीतली बहुतेक महाविद्यालयं खासगी संस्थांची, अनुदानित. त्यांचा आधार एन-लिस्टच.

मुलं ते उघडत नाहीत, हे निरीक्षण बरोबर. पण मुलांना वाचायचं नाही म्हणून उघडत नाहीत, हा निष्कर्ष घाईचा आहे. खातं उघडण्याची वाट बघा. प्रवेश अर्जातला ईमेल मुलाचा नसतो, ज्यानं अर्ज भरला त्या नेट कॅफेवाल्याचा किंवा मामाचा असतो. ग्रंथालय तीच यादी एकगठ्ठा चढवतं. लॉगिनची माहिती त्या ईमेलवर जाते आणि तिथेच पडून राहते. कागदावर हजार सदस्य, वापरणारे मोजके.

दुरुस्तीला फार काही लागत नाही. विभागाचा एक तास मागून घ्यायचा. २०-२५ जणांची तुकडी, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल. ईमेल मुलानं स्वतः टाइप करायचा, पासवर्ड तिथेच बदलायचा आणि आपल्याच अभ्यासक्रमातला एक विषय शोधून एक प्रकरण उघडून बघायचं. चाळीस मिनिटं पुरतात. हे जुलैत करून उपयोग नाही, दिवाळीपर्यंत विसरलेलं असतं. प्रकल्पाचा विषय ठरवायच्या आठवड्यात करा. नव्या शैक्षणिक धोरणात संशोधनासह ऑनर्सचं चौथं वर्ष आलं आहे, त्यामुळे ही गरज वाढणार आहे.

मात्र हे सगळं प्रामुख्यानं इंग्रजीत आहे. मराठी किंवा इतिहास घेऊन बीए करणाऱ्याला त्यातून फारसं मिळत नाही, आणि त्याला तेच दाखवून पाठवणं म्हणजे बोळवण. त्याच्यासाठी आपल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर फुकट आहे, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठी प्रबंध आहेत, आयआयटी खरगपूरचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. यांचे दुवे विषयवार लावून एका पानावर ठेवले आणि त्या पानाचा क्यूआर कोड त्या विषयाच्या रॅकवर चिकटवला, तर छापील आणि डिजिटल दोन्ही एकाच ठिकाणी भेटतात.

नॅकबद्दल तुमचा राग समजतो. ग्रंथालय किती वापरलं जातं हे विचारलं जातं, मग दाराशी सह्यांची वही भरते. आकडा वाढवायला सही पुरेशी असते. त्याऐवजी एक नकारवही ठेवावी, असं मला वाटतं. मुलानं मागितलं आणि मिळालं नाही, एवढंच तिच्यात लिहायचं: तारीख, पुस्तक, वर्ग आणि कारण. कारणं तीनच. सगळ्या प्रती बाहेर आहेत, संग्रहात नाही, किंवा आज्ञावलीत 'उपलब्ध' दिसतं पण रॅकवर सापडत नाही. पहिल्यावर राखीव कपाट हा इलाज, दुसरं थेट खरेदीच्या यादीत जातं. तिसरं सर्वांत बोलकं. ते वाढलं की समजावं, पुस्तकं चुकीच्या जागी लागताहेत आणि रॅक वाचायचं, म्हणजे पुस्तकं क्रमानं आहेत का ते बघायचं, काम थांबलंय. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर मागणी प्रश्नसंचांकडून मूळ संदर्भग्रंथांकडे किती सरकली, हेही या वहीत दिसतं. सह्यांच्या वहीत दिसत नाही.

प्रबंधतपासणी ग्रंथपालाचं काम नव्हे, यावर मात्र मी सहमत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या लागतात. आपल्याकडची गोम मराठी मजकुरात आहे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला प्रबंध डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, वर फक्त मराठी अक्षराचं चित्र. तपासणीच्या आज्ञावलीला तो अर्थहीन मजकूर दिसतो आणि साम्य शून्याजवळ येतं. संशोधक खूश, मार्गदर्शक खूश. खरं तर काहीच तपासलं गेलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा उमटला तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, मग तपासणी. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात, तेवढं हातानं बघावं लागतं. हे काम ग्रंथपाल करणार नसेल तर महाविद्यालयात दुसरं कोण करणार, सांगा. हल्ली त्यात चॅटजीपीटीनं रचलेल्या संदर्भांची भर पडली आहे. लेखक खरा, नियतकालिक खरं, लेखच अस्तित्वात नाही. डीओआय क्रमांक (शोधलेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते मुलांना शिकवायला दहा.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो यात आहेच. पदं रिकामी आहेत. कमवा आणि शिकाची परंपरा ज्या सातारा जिल्ह्यानं घालून दिली तिथे संध्याकाळचा काउंटर विद्यार्थ्यांनी सांभाळायला हरकत नसावी. फक्त त्यांना वेगळं लॉगिन द्यावं, देवघेवीपुरतंच. दंड माफ करण्याचा आणि सदस्याची माहिती बदलण्याचा अधिकार त्यात नको. ग्रंथपालाचा पासवर्ड सगळ्यांना पाठ असणं ही सोय पुढे महागात पडते.

राहिलं विलंब शुल्क. ते रद्द करा असं मी म्हटलेलं नाही. ज्या पुस्तकाला दुसऱ्या कोणाची मागणी नाही ते आपोआप पुढे वाढवून द्यावं, कोहात ही सोय आहे. मागणी नोंदवली गेली की वाढ थांबते आणि मुदत संपली की दंड सुरू. राखीव प्रतींना दंड तासावर ठेवावा आणि तो खरंच घ्यावा. मुदतीच्या दोन दिवस आधी सूचना जायला हवी. एसएमएस पाठवायचा तर मजकुराचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी प्रणालीवर आधी नोंदवावा लागतो, तो न नोंदवल्यामुळे बऱ्याच ठिकाणी संदेश पोचतच नाहीत आणि दोष मुलांवर येतो. ईमेलला हा अडथळा नाही, ईमेल खरा असला तर. थकबाकीची यादीही दाखला न्यायला आल्यावर काढायची नसते. शेवटच्या वर्षाची मार्चमध्येच विभागप्रमुखांकडे द्यावी, तेव्हा मुलगा अजून वर्गात बसत असतो.