मॉनिटरखालची कादंबरी

आज डोकं सटकलंय, तेव्हा जे लिहितेय ते तसंच वाचा, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

आठ महिन्यांपूर्वी वाचनालयाला माझ्या कादंबरीच्या दोन भेटप्रती दिल्या होत्या. आज सहज चौकशीला गेले तर एक सापडतच नाही आणि दुसरी कॉम्प्युटरच्या मॉनिटरखाली! उंची बरोबर येत नव्हती म्हणे. ना दाखल क्रमांक, ना शिक्का. म्हणजे पुस्तक वाचनालयात आहे पण वाचनालयाचं नाही, कॅटलॉगमध्ये शोधाल तर मी जन्मालाच आलेली नाही.

विकत घ्या म्हटलं की 'निवड समितीची मीटिंग होऊ दे', फुकट दिलं की मॉनिटर. दुकानवाल्यांची आणखी वेगळी तऱ्हा. 'पाच प्रती ठेवून जा, खपल्या तर पैसे', मग खपल्या का ते विचारायला फोन मीच करायचा, नाही खपल्या तर कोपरे दुमडलेल्या प्रती परत मीच आणायच्या आणि वर कमिशन ४० टक्के. नाहीतर वितरकामार्फत या, एकेका लेखकाचं बिल कोण करत बसणार! आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, १३ आकडे मिळाले तेव्हा वाटलेलं, झालो बाई आपण लेखिका. कसलं काय, नुसता नंबर लागलाय.

हो, मान्य, जागा कमी, माणसं त्याहून कमी, आणि माझ्यासारखे पिशवी घेऊन येणारे ढीगभर. तरी पण मॉनिटर? रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. इथे मॉनिटरलाच वाचक धरायचं का?

हे सगळं मी काउंटरवरच्या मुलीला ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच (आता वाईट वाटतंय). तिने बिचारीने मॉनिटर उचलून पुस्तक काढलं, तर आत ११२व्या पानावर देवघेवीची जुनी पावती खोचलेली. म्हणाली, "मॅडम, दुपारी गर्दी नसते तेव्हा मीच वाचते. रॅकवर लावलं तर कुणीतरी घेऊन जाईल ना. उरलेलं संपलं की नोंद करते, नक्की."

आता यावर काय बोलणार.

"थोरली परत येते का हो शेवटी?" सांगितलं नाही मी. मॉनिटर दोघींनी मिळून परत जागेवर ठेवला.

ती न सापडलेली प्रत कुठे गेली ते विचारायला मात्र उद्या जाणारच आहे.