'आधी खड्डे बुजवा, मग नियम शिकवा': हा युक्तिवाद का टिकत नाही

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: 'रोड टॅक्स आम्ही भरायचा, खड्ड्यात आम्ही पडायचं आणि दंडही आम्हीच द्यायचा? आधी खड्डे बुजवा, मग नियम शिकवा. यू-टर्न लांब ठेवलात तर माणूस राँग साइडनेच जाणार. शहरात गाडी तिशीच्या वर जात नाही, हेल्मेट कशाला? पोलिसांना फक्त पावत्या फाडायच्या आहेत. आणि मी एकट्याने नियम पाळून काय होणार?'

यातला राग मला कळतो, तो माझाही आहे. पण महापालिकेवरचा हा राग निघतो कोणावर? झेब्रा क्रॉसिंगवर जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या माणसावर. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी रस्त्यावर मेले. त्यांनी ना खड्डे पाडले होते, ना टेंडर काढलं होतं. म्हणून या मेसेजचं उत्तर मुद्द्यागणिक द्यायला हवं.

'आधी खड्डे बुजवा.' जरूर बुजवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात 2022 मध्ये खड्ड्यांमुळे 1,856 मृत्यू नोंदलेले आहेत. पंचनाम्यात खड्ड्यापेक्षा चालकाची चूक लिहिणं सोपं असतं, त्यामुळे हा आकडा मला कमीच वाटतो. दहापट धरू हवं तर. तरी त्या वर्षीचे एकूण मृत्यू होते 1,68,491 आणि त्यातले 71 टक्के अतिवेगाच्या नावावर आहेत. सुमारे दोन तृतीयांश अपघात तर सरळ रस्त्यावर झालेले. म्हणजे रस्ता चांगला मिळाला की आपण शहाण्यासारखं चालवतो, असं काही दिसत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचंच बघा. सहा पदरी रस्ता, सिग्नल नाहीत, समोरून येणारी वाहतूक वेगळी. 2016 मध्ये तिथे 151 माणसं गेली. पुढच्या काही वर्षांत हा आकडा निम्म्याच्या खाली आला, तो दोन्ही बाजूंनी हात घातल्यामुळे. धोकादायक कठडे आणि उघडे कोपरे झाकले गेले आणि त्याच वेळी लेन तोडणाऱ्यांवर, भलत्या जागी थांबणाऱ्या ट्रकांवर कारवाई झाली. रस्ता आधी की शिस्त आधी, हा वाद तिथे घातला असता तर माणसं मरतच राहिली असती.

पुण्यातल्या नवले पुलाचं उदाहरण तर आपल्या दारातलं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा तो उतार घातक आहे, ही रचनेची चूक आहे आणि त्याबद्दल महामार्ग बांधणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण 20 नोव्हेंबर 2022च्या संध्याकाळी तिथे एका अवजड गाडीने डझनावारी वाहनं चिरडली, तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं ते हे, की डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली होती. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद करून पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपत जाते. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला रोखून धरतं; नुसत्या सोडलेल्या गाडीत तो आधार तर आधीच गेलेला असतो. उतार सरकारचा, सवय चालकाची. दोन्ही एकत्र आल्यावर जे होतं ते आपण तिथे वारंवार बघतोय.

चांगल्या रस्त्याशिवाय शिस्त येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मिझोरामची राजधानी ऐझॉल बघावी. डोंगरउतारावरचे अरुंद रस्ते, गाड्यांची दाटी. तरी दुचाक्या एका रांगेत, चारचाक्या दुसऱ्या रांगेत आणि हॉर्न जवळजवळ नाही. तीही आपल्याच देशातली माणसं आहेत.

'यू-टर्न लांब आहे.' हिशेब करू. यू-टर्न चारशे मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठशे मीटर. ताशी 30च्या वेगाने साधारण दीड मिनिट. आता राँग साइडने काय होतं ते बघा. तुम्ही 20च्या वेगाने, अगदी कडेकडेने येताय. समोरून एक जण बरोबर बाजूने 40ने येतोय. वळणावर किंवा उभ्या टेम्पोच्या आडून तुम्ही त्याला पंचवीस मीटरवर दिसलात. दोघांमधलं अंतर ताशी 60च्या वेगाने कमी होतंय, म्हणजे त्याच्या हातात दीड सेकंद आहे. तेवढा वेळ धोका ओळखून ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच संपतो. तुम्ही त्याच्याच दिशेने चालला असता तर त्याला साडेचार सेकंद मिळाली असती. 'मी हळूच जातो' याचा इथे काहीच उपयोग नाही, कारण समोरच्याने तुमची अपेक्षाच केलेली नसते. 2022 मध्ये राँग साइडमुळे सुमारे 9,000 माणसं मेली. खड्ड्यांमुळे नोंदलेल्या मृत्यूंच्या जवळपास पाचपट.

यू-टर्न खरोखर चुकीच्या जागी असतात, हे मान्य. शाळा-दवाखान्यासमोरचा दुभाजक बंद करून टाकतात आणि पायी चालणाऱ्याचा विचारही करत नाहीत. त्यासाठी नगरसेवकाला, वाहतूक शाखेला धरा.

'शहरात वेग कमी असतो, हेल्मेट कशाला?' जानेवारी 2019मध्ये पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झालं, तेव्हाही हेच सांगितलं जात होतं. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी नुसती उभी असताना तो आडवा पडला, तरी डोकं ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने डांबरावर आपटू शकतं. गाडीचा वेग किती होता हा प्रश्नच तिथे येत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी आणि मृत्यूचा 42 टक्क्यांनी कमी होतो. शिवाय ज्या मेसेजमध्ये खड्ड्यांची तक्रार आहे त्याच मेसेजमध्ये हेल्मेट नको म्हटलंय, हे मला फार अस्वस्थ करतं. खड्ड्यात चाक अडकून दुचाकीवरून उडणाऱ्याला हेल्मेटची सगळ्यात जास्त गरज असते. मागे बसलेल्या बायको-मुलांनाही.

'पोलिसांना पावत्याच फाडायच्या आहेत.' चौकाच्या तोंडाशी उभं राहून वाहतूक वळवायची सोडून झाडाआड थांबणं मलाही पटत नाही आणि चिरीमिरी तर अजिबात नाही. रोख मागितली तर देऊ नका, ई-चलान करा म्हणा. चलान चुकीचं असेल तर ऑनलाइन तक्रार करता येते. पण सिग्नल तोडणारा आपणच असू तर पोलीस कुठे उभा होता याने काय फरक पडतो? मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं हे कलम 184खाली धोकादायक वाहनचालन ठरतं. त्याच दुरुस्तीने कलम 198-अ आणलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम अपुरी आहे, कलम फारसं वापरलंही जात नाही. मेसेज फिरवायचाच तर या कलमाचा फिरवा आणि खड्ड्यात कोणी जखमी झालं की तक्रारीत त्याचा उल्लेख करायला लावा.

'मी एकट्याने पाळून काय होणार?' कोणत्याही मोठ्या चौकात लाल सिग्नलचा आकडा पाचवर आला की बघा. तीनवर दुचाक्या सुटतात. त्याच क्षणी आडव्या रस्त्यावरचा माणूस पिवळा दिसला म्हणून वेग वाढवतो. दोघेही 'दोनच सेकंद तर आहेत' म्हणतात आणि चौकाच्या मध्यावर समोरासमोर येतात. यातला एक जरी थांबला तरी धडक होत नाही. दोघांनी थांबण्याची गरजच नसते. अरुंद रस्त्यावर तुमची चारचाकी पांढऱ्या पट्टीच्या मागे थांबली, की तुमच्या मागच्या सगळ्या चारचाक्यांना थांबावंच लागतं. ते हॉर्न वाजवतील, काच खाली करून बोलतीलही. पण तेवढ्या वेळात झेब्रावरची माणसं पलीकडे पोचलेली असतात.