‘बनावट व्हर्नियर विकला’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की आमच्याकडून घेतलेला डिजिटल व्हर्नियर (जबड्यांत वस्तू धरून माप दाखवणारं साधन) बनावट आहे, त्यावरचं ०.०१ मिमी खोटं आहे, त्याच्या मापाने केलेल्या शाफ्टवर बेअरिंग ढिलं बसलं, मिरकरवाड्यातला बर्फाचा क्रशर दोन दिवस बंद पडला आणि आम्ही पैसे परत दिले नाहीत. मासळीच्या दिवसांत क्रशर बंद राहणं म्हणजे काय, हे रत्नागिरीत कोणाला सांगावं लागत नाही. तुमचं नुकसान झालंय हे मी नाकारत नाही. पण वस्तू बनावट नाही. आमची चूक दुसरीकडे आहे, तीही खाली लिहितो.

तुम्ही व्हर्नियर परत आणलात तेव्हा तो तुमच्यासमोरच स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांवर, तपासला. १०, ४० आणि १०० मिमी, तिन्ही ठिकाणी फरक ०.०२ च्या आत होता. १५० मिमीच्या या जातीच्या व्हर्नियरला साधारण ±०.०२ ते ±०.०३ मिमीची सूट असतेच. डब्यावरचं ०.०१ म्हणजे पडद्यावरचा आकडा किती बारीक पायरीने सरकतो तेवढंच. तो आकडा तितका खरा असेल, असा त्याचा अर्थ नाही.

आता तुमचं काम बघा. ६२०८ बेअरिंग, म्हणजे शाफ्ट ४० मिमी. घट्ट बसवायला के-६ (शाफ्टच्या मापाची ठरलेली प्रमाण मर्यादा) धरलं तर शाफ्ट ४०.००२ ते ४०.०१८ च्या मध्ये यायला हवा. सगळी मिळून जागा ०.०१६ मिमी. ज्या साधनाची स्वतःची चूकच ०.०२ असू शकते, त्याने हे माप धरता येत नाही, मग ते कितीही महाग असो. शिवाय व्हर्नियरला आपल्या बोटाचा दाब कळत नाही. जरा जोरात दाबलं किंवा जबडा तिरका लागला की आकडा बदलतो. मायक्रोमीटर या जास्त बारीक मापाच्या साधनाला रॅचेट, म्हणजे ठरावीक दाबानंतर घसरणारी मूठ, असते ती याचसाठी.

दुसरी गोष्ट तुम्हीच बोलता बोलता सांगितलीत: शेवटचा कट झाल्याबरोबर, जॉब लेथवर असतानाच माप घेतलं आणि बेअरिंग दुसऱ्या दिवशी घातलं. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. गरम जॉब खोलीपेक्षा २५ अंशांनी जास्त तापलेला असला तर ४० मिमीवर जवळजवळ ०.०१२ मिमी जास्त दिसतात. तुम्ही बरोबर माप पाहिलंत आणि रात्रीत शाफ्ट आकसला. जगभर मापं २० अंशांवर धरतात. आपल्याकडे मे महिन्यात ते जमणारं नाही, पण जॉब आणि साधन दोन्ही एकाच गारव्याला येईपर्यंत थांबणं आपल्या हातात आहे.

आता आमची चूक. काउंटरवर तुम्ही ‘बेअरिंगच्या कामाला हवाय’ असं म्हणाला होतात. आमच्या मुलाने तेव्हाच २५ ते ५० मिमीचा मायक्रोमीटर पुढे ठेवायला हवा होता. त्याने व्हर्नियर दिला, आणि बिलावर आमच्याच छापील मजकुरात ‘अचूकता ०.०१’ असं होतं. ते चुकीचं आहे आणि त्यावर विश्वास ठेवलात यात तुमचा दोष नाही. ती बिलं आता वापरात नाहीत. त्या दिवशी पैसे परत द्यायला मी नकार दिला, कारण साधन पास झालं होतं. बिलाकडे माझं लक्षच गेलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

तपासताना जबड्यांवर तांबूस ठिपके दिसले. अजून खोल गेलेले नाहीत. जेटीजवळच्या खाऱ्या हवेत साधन उघडं राहिलं तर एका पावसात खराब होतं. काम झालं की कोरड्या कापडाने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

व्हर्नियर परत आणलात तर पूर्ण पैसे देतो. ठेवायचा असेल तर ठेवा, लांबी-जाडीच्या रोजच्या कामाला तो चांगला आहे, आणि मायक्रोमीटर आमच्या खरेदीच्या दरात देतो. दोन्हीपैकी काहीही करा, पण येताना तो शाफ्ट बरोबर आणा. तासभर दुकानात ठेवून थंड करू, ४० च्या स्लिप गेजवर मायक्रोमीटर तपासून घेऊ आणि मग मोजू. किती कमी पडलंय ते कळलं की तिथे मेटल स्प्रे करून, म्हणजे वितळलेल्या धातूचा थर फवारून, पुन्हा माप आणता येईल का, हेही ठरवता येईल.